हेल्गाबाईंच्या आईचं नाव

आमच्या गल्लीत एखाद्या सुनेला दिवस गेले की ते तिच्या सासूच्या आधी हेल्गाबाईंना कळतं, असं बायका म्हणत. त्यात अतिशयोक्ती असेल. पण सहावा-सातवा महिना लागला की हेल्गाबाई त्या घराच्या फाटकाशी येऊन उभ्या राहत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आत या म्हटलं तरी जात नसत. सुनेला बाहेर बोलावून एकच प्रश्न विचारत.

"स्वप्नात कोण आलं का?"

"कोण म्हंजे, बाई?"

"कोणी बी. मेलेलं माणूस. ओळखीचं नसंल तरी चालंल."

नाही म्हटलं की मान हलवत त्या परत फिरत. इकडे सासू सुनेला आत ओढून घेई आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकी. "बाई चांगली हाय, पण..." हेल्गाबाईंबद्दलचं हे वाक्य आमच्या गल्लीत कुणी कधी पुरं केलं नाही.

पूर्णेत रेल्वेच्या हद्दीला लागून आमची गल्ली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचो. हेल्गाबाई एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि माझी पत्नी सुमन आणि हेल्गाबाई यांची देवघेव त्या भिंतीवरून चाले. कढीपत्ता, वर्तमानपत्र, सेफ्टी पिना, गल्लीतल्या बातम्या. सुमनच्या बांगडीला पिनांचा झुबका कायम अडकवलेला असायचा आणि हेल्गाबाईंच्या पिना कायम हरवलेल्या असायच्या. मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसे आणि त्यांचं बोलणं कानावर पडे.

आपल्याकडे नव्या माणसाला आधी नाव विचारतात, मग गाव, मग आडनाव. खरा प्रश्न तिसरा असतो. पहिले दोन नुसते वाट करून देण्यासाठी. हेल्गाबाई त्या तिसऱ्या प्रश्नाला म्हणत, "न्हाई."

"न्हाई म्हंजे? आडनाव असतंच की."

"आमच्यात नसतं. बापाचं नाव पौलस. मी पौलसची लेक. झालं."

"आमच्यात म्हंजे कुणात?"

"आइसलँडच्या लोकांत."

पाठ फिरली की समोरचा म्हणे, जात लपवायलीय. आम्ही बौद्ध. भाड्याचं घर शोधताना या तिसऱ्या प्रश्नाची चव मी चांगली घेतलेली होती. खरं तर मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला हवी होती. पण मलाही तेच वाटलं होतं, फक्त जरा सुशिक्षित भाषेत: लपवायचंच होतं तर बाईंनी देश फार लांबचा निवडला.

त्या सांगत ते असं. वडील पौलस, मराठी ख्रिस्ती, रेल्वेत गार्ड. आई निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून आली, ती कॅनडातून. आणि आईचे आईबाप कॅनडात आले ते आइसलँडमधून. तिथे डोंगर फुटला, गवतावर राख पडली, मेंढ्या मेल्या, माणसं जहाजात बसली. कॅनडातल्या एका मोठ्या तळ्याकाठी त्यांच्यासारख्यांनीच वस्ती केली आणि भाषा, गोष्टी, रीतभात जमेल तेवढी धरून ठेवली. ती सगळी गाठोडी घेऊन आई इकडे आली, आणि इथे ती उघडून दाखवायला तिला माणूस एकच मिळालं, तिची मुलगी. आईच्या मागे ती भाषा बोलायला कुणी उरलं नाही. "आता त्या भाषेत मी फकस्त मांजरीला रागावते," हेल्गाबाई म्हणत.

"पण बाई, तुमी तर आमच्यासारख्याच सावळ्या," कुणी म्हटलं तर उत्तर तयार असे. "रंग बापाचा. हट्ट आईचा."

मी शाळेच्या ग्रंथालयातून ज्ञानकोशाचा खंड आणून तो देश वाचून काढला आणि एका संध्याकाळी भिंतीपलीकडे बसलेल्या हेल्गाबाईंची, सहज गप्पा मारतोय असं दाखवत, परीक्षा घेतली. तिकडे रात्रीही अंधार पडत नाही तो कोणता महिना?

"मला काय विचारायलाव? मी बघितलाय का?"

"आईनं सांगितलं असेल."

"तिनं बी न्हाई बघितला. ती तळ्याकाठी जन्मली, क्यानडात."

"म्हणजे तुम्ही दोघींनीही जो देश पाहिला नाही, त्याच्या रीती..."

"सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी बुद्धाला बघितलं का?"

स्वयंपाकघरात सुमन इतकी हसली की तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मी ज्ञानकोशाचा खंड दुसऱ्या दिवशी परत केला. संशय मात्र ठेवून घेतला.

एक खरं, की संशयाच्या बाबतीत त्या माझ्या चार इयत्ता पुढे होत्या. दूध आलं की आधी स्वतःच्या बोटावर थेंब घेऊन तो ओघळतो कसा ते बघत. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांचं प्रवचन संपलं की त्यांना दारात गाठून विचारत, "हे शेवटचं तुमी बोललाव ते कुठं लिहिलंय?" दारावर एकदा थाप पडली तर त्या उठतच नसत. दोनदा पडली तरी नाही. जिवंत माणूस तीनदा ठोठावतो, बाकीच्यांना तीनपर्यंत येत नाही, हे त्यांच्या आजोळचं शास्त्र. गॅसवाल्या पोराला हे ठाऊक नव्हतं. तो एकदा धपकन मारून, थोडा थांबून, सिलिंडर घेऊन परत गेला आणि हेल्गाबाईंनी आठवडाभर आमच्या गॅसवर भात शिजवला. सुमननं त्या पोराला पुढच्या वेळी भिंतीपाशी गाठून समजावलं, "तीनदा वाजव रे बाबा. येशूची बाई हाय, तीनाशिवाय ऐकत न्हाई."

विणकामाचं तर विचारू नये. परभणी जिल्ह्यातला उन्हाळा, गल्लीतली कुत्री गटारात पोट टेकून पडलेली, आणि हेल्गाबाई लोकरीचा गुंडा काखोटीला मारून बाजारात चालता चालता विणतायत. त्यांच्या आजीकडच्या बायका चालताना रिकाम्या हातानं चालत नसत म्हणे. तिकडे बर्फ होता. इथे लोकर हाताला चिकटायची. ते स्वेटर उत्तरेकडे बदली होणाऱ्या रेल्वेवाल्यांना मिळत. एका ड्रायव्हरनं घेताना शंका काढली, "बाई, ह्यात काय मंतर-बिंतर न्हाई ना?" "हाय," त्या म्हणाल्या. "थंडी वाजत न्हाई."

गर्भार बायकांना स्वप्न विचारण्याचं कारण त्यांच्याकडून काढून घेतलं ते सुमननं. मला ते वर्षानुवर्षं जमलं नसतं. मी कारण विचारतो तेव्हा समोरच्याला उलटतपासणी वाटते. सुमन मटार सोलता सोलता विचारायची.

त्यांच्या लोकांत अशी समजूत होती की मेलेलं माणूस कधी कधी परत यायला बघतं, ते नावाच्या रूपानं. गर्भार बाईच्या स्वप्नात ते येतं, आणि ज्या घरी आलं त्या घरच्या बाळाला त्याचं नाव ठेवायचं. ठेवलं तर ते माणूस त्या बाळाची राखण करतं. न ठेवलं तर ते दारातून परत जातं आणि पुन्हा कुठल्याच दारात येत नाही. आपण आपल्या मनानं नाव देऊन उपयोग नसतो. मागणारानं मागायला हवं.

हेल्गाबाईंची आई इथेच, रुळांपलीकडच्या लहानशा ख्रिस्ती दफनभूमीत आहे. जाताना ती मुलीला म्हणाली होती की मी येईन. तुझ्याकडे नाही तर तुझ्या शेजारी कुठे तरी. हेल्गाबाईंचं लग्न झालं नाही. भाऊबहीण नाही. तळ्याकाठच्या नातेवाइकांचा पत्ता आईच्याच काळात हरवलेला.

"ती इथं लय एकटी पडलीय," त्या सुमनला म्हणाल्या. "तिच्या नावाची हाक ह्या देशात कुणी मारत न्हाई. मी मेले की कुठंच कुणी मारणार न्हाई."

सुमन मला हे सांगताना गंभीर होती. मी मात्र म्हणालो, "यात काय अवघड? बाईंनी आईचं नाव आणि रूप चार जणींना सांगायचं. आठ दिवसांत एखादीच्या स्वप्नात येईल."

"तेच तर," सुमन म्हणाली. "त्या कुणाला सांगतच न्हाईत. मलाही न्हाई सांगितलं. फोटो हाय, तो कुलपात."

तिथे मी पहिल्यांदा जरा थांबलो. माझा कयास असा होता की बाई वेडगळ समजुतीत गुंतल्यात आणि दुसऱ्यांनाही गुंतवू पाहतायत. पण ज्याला फसवायचं असतं तो फोटो दाखवत फिरतो. या बाईंनी आईचं नाव आणि चेहरा एवढ्यासाठी लपवून ठेवला होता की कुणाला खोटं स्वप्न पडू नये.

आणि खोटं स्वप्न पडलंच, कारण बाईंची आई नाव मागायला येणार ही बातमी भिंतीवरून गल्लीत गेलीच होती. पलीकडच्या गल्लीतली मंगल तेव्हा पोटुशी होती. तिचा नवरा यार्डात कामाला. हेल्गाबाईंच्या मागे त्यांचं घर कुणाला जाणार, हा विषय तेव्हा पूर्णेत चघळला जात होताच. मंगल सकाळी सकाळी आली, कुणी तरी शिकवल्यासारखी तीनदा ठोठावून आत गेली, आणि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यावं इतक्या आवाजात म्हणाली, "बाई, आली हो तुमची आई! काय सांगू! गोरीपान, सोन्यासारखे केस, निळेशार डोळे, फ्राक घातलेला. मला म्हणली, मंगल, माझं नाव तुझ्या बाळाला दे."

"असं म्हणली?"

"देवाशप्पथ."

"मराठीत?"

मंगल अडखळली. "थोडं इंग्रजीत बी."

हेल्गाबाईंनी तिला कॉफी दिली, वर खडीसाखरेचा खडा दिला. त्यांच्याकडे कॉफीत साखर घालत नसत, खडा दातात धरून वरून कॉफी पीत. मंगलची पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "ही दुसऱ्या कुणाची तरी आई हाय, बाळा. रस्ता चुकली असंल. पुन्हा आली तर पोलीस स्टेशन दाखव तिला."

मंगलनं त्या दिवसापासून त्यांना गल्लीभर चेटकीण म्हटलं. आणखी काही दारं बंद झाली. फाटकाशी त्या दिसल्या की बायका पोटावर पदर ओढून घेत. हेल्गाबाई तरीही जात. प्रश्न तोच. उत्तराच्या आधीच आता दार लागे.

नंतर सुमन गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. तिच्या मागे पहिलं वर्ष सरत असताना आमची मुलगी प्रज्ञा बाळंतपणाला माझ्याकडे आली. तिचं सासर जिंतूरचं. आई नाही तर माहेरी कशाला, असं सगळे म्हणत होते, पण ती हट्टानं आली. हेल्गाबाईंनी तिला फाटकाशी उभं राहून विचारलं नाही. भिंतीवरून विचारलं, तेही थोडं अवघडून. प्रज्ञा नाही म्हणाली.

पंधरवड्यानं एका सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. प्रज्ञा आतून तशीच, वेणी न घालता आली आणि भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "बाई, आली."

हेल्गाबाईंच्या हातातल्या सुया थांबल्या. त्यांनी भिंतीवर दोन्ही हात टेकले.

"काय मागितलं?"

"मागितलं काहीच नाही. मी झोपले होते, पायाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, जरा सरक, मला टेकू दे."

हेल्गाबाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी पुढे मला सांगितलं की मागणारी माणसं अशीच मागतात, नावाचा शब्द न काढता. निजायला जागा मागतात. हे त्यांनी कुणालाही, कधीही सांगितलेलं नव्हतं. मंगलच्या स्वप्नातल्या बाईनं सरळ नाव दे म्हटलं होतं; तिचं बिंग पहिल्यांदा फुटलं ते तिथेच, केसांवरून नव्हे.

"तोंड बघितलं?"

"नाही. पाठ होती. खाली बसली, मग आडवी झाली."

"लुगडं का साडी?"

"साडी. रंग नाही आठवत."

"हात?"

"हात उशाला घेतला होता. आणि काही तरी टोचलं मला पायाला. बघितलं तर तिच्या बांगडीला..."

प्रज्ञा तिथेच थांबली. मी पेपर खाली ठेवला. हेल्गाबाई पुढचा प्रश्न विचारू शकल्या असत्या, किंवा न विचारता सोडून देऊ शकल्या असत्या. पाठमोरी, साडीतली, चेहरा नसलेली बाई. आयुष्यभर त्यांनी जिची वाट पाहिली ती हीच असं म्हणायला त्यांना कुणाची हरकत नव्हती. माझीही नसती.

"पिना होत्या?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञानं मान हलवली.

"मग ही माझी न्हाई, पोरी. ही तुझी हाय."

प्रज्ञा रडायला लागली. मी उठून आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो. बाहेर आलो तेव्हा प्रज्ञा डोळे पुसून वेगळंच बोलत होती. "बाई, मला नक्की नाही हो आठवत. पिना नसतीलही. झोपेत काय कळतं? तुमचीच आई असेल. आपण तेच नाव ठेवू. तुम्ही नाव सांगा."

हेल्गाबाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "पोटुशीनं खोटं बोलू नये! तुझी आई पायाशी येऊन टेकली आन् तू तिला उठवून माझ्या आईला जागा देतीस व्हय? माझी आई उभी ऱ्हाईल, पण दुसरीच्या अंथरुणात न्हाई शिरणार."

मुलगी झाली. पाळण्यात घालताना नाव सुमन ठेवलं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही आणि तेव्हाही नव्हता. मुलीनं आईच्या ओढीनं आईचं स्वप्न पाहिलं, यात कुठल्या देशाचं शास्त्र लागत नाही. पण घरात पुन्हा त्या नावानं हाक मारली जाते, तेव्हा मी हातातलं काम थांबवतो, एवढं खरं. बारशाला हेल्गाबाई आल्या, लोकरीचं टोपडं दिलं, आणि बायका नावं घेत असताना मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. प्रज्ञाच्या सासूबाईंनी ते टोपडं उलटंपालटं करून, टाके तपासून बाजूला ठेवलं. हेल्गाबाईंनी ते बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, "हुशार बाई हाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची तब्येत उतरली. नांदेडच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्यांनी दोन वेळा विचारून, कागदावर वाचून, मगच मानलं. एका दुपारी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. सुमन गेल्यावरही मी त्यांच्या घरात फारसा गेलो नव्हतो. टेबलावर एक फोटो पालथा ठेवला होता.

"हा माझ्याबरोबर पेटीत जाणार हाय," त्या म्हणाल्या. "पाद्रीसाहेबांना सांगून ठेवलंय. त्याच्या आधी तुमी बघून ठेवा."

"मी? प्रज्ञाला बोलावून घेऊ का? तिचा तुमच्यावर जीव आहे."

"म्हणूनच नको. पोरगी लय मायाळू हाय. कुणी रडत आली की देऊन टाकील नाव. तुमी खडूस हाव. तुमी ज्ञानकोश घेऊन माझी परीक्षा घेतली होती. मला काय कळलं न्हाई व्हय?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"मी गेल्यावर कुणाच्या तरी दारात ती येईल. त्या वेळी कुणी तरी विचारणारं पाहिजे. खोट्याला हाकलणारं पाहिजे. खरी आली तर वळखणारं पाहिजे. तुमचा विश्वास नसला तरी चालंल. नसलेला बरा."

त्यांनी फोटो उलटला आणि आईचं नाव मला सांगितलं. तीनदा म्हणून घेतलं. माझ्या जिभेला ते वळेना, त्यांनी वळवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, फोटोतही काय होतं ते लिहीत नाही. हे कोण वाचील सांगता येत नाही. एवढंच सांगतो की पूर्णेतल्या कुणीही कल्पना केली असती तसं त्यात काही नव्हतं. हेल्गाबाई गेल्या, तो फोटो आता रुळांपलीकडे त्यांच्याबरोबर मातीत आहे. गेल्या पावसाळ्यापासून दोघी-तिघी माझ्या फाटकाशी येऊन स्वप्नं सांगून गेल्या. मी चष्मा पुसत ऐकून घेतो, दोन प्रश्न विचारतो. अजून कुणी पास झालेलं नाही.

त्या दुपारी त्यांनी फोटो पुन्हा पालथा घातला आणि शाळेतल्यासारखी माझी तोंडी घेतली. डाव्या हातात काय? उजव्या? मागं काय दिसतंय? एक उत्तर चुकलं. "न्हाई. परत बघा," म्हणून फोटो पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी सगळी बरोबर आली. त्यांचं समाधान झालंय असं काही दिसलं नाही.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण हाय म्हणा."

मी निघालो. फाटकाची कडी काढत होतो तेवढ्यात मागून हाक आली. चौकटीला धरून त्या दारात उभ्या होत्या, लुगड्याच्या ओच्यात लोकरीचा गुंडा अडकवलेला.

"सर! आन् पायात?"

मी वळून सांगितलं.

मला खरंच आठवलं होतं, का मी अंदाजानं ठोकून दिलं होतं, हे ताडत त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.